नेर ते ढाणकी, आणि डाव्या चाकातला खडखडाट

खरं सांगते, या प्रवासाला मी हौसेने निघाले नव्हते. बाबांकडून गाडी काढून घ्यायची, असं मी आणि दादाने फोनवर ठरवलं होतं. नेरच्या जिनिंगमध्ये बाबांनी फिटर म्हणून आयुष्य काढलं. कापसातून सरकी काढणारे रेचे दिवसभर कानाशी धडधडायचे, त्यात कान गेले. समोरच्याचे ओठ पाहून बोलणं कळतं, पण मागून ट्रकने कितीही हॉर्न वाजवला तरी त्यांना कळत नाही. आईबाबांना घेऊन ढाणकीला मावशीकडे जायचं आणि परतल्यावर चावी मागायची, एवढाच माझा बेत. नागपूरहून एसटीने नेरला पोचेपर्यंतच जीव आंबून गेला होता.

सकाळी सातला निघालो, गाडी मी चालवत होते. दारव्हा, दिग्रस, पुसद, उमरखेड असा रस्ता धरा, यवतमाळवरून उगाच वळसा पडतो. खड्डे पाहता अख्खा दिवस हातात ठेवा. कापसाच्या हंगामात बाजार समितीबाहेरची रांग अर्धा रस्ता खाते. यंदा भावाची बोंब, त्यामुळे लोक गाड्यांखालीच अंथरूण टाकून बसलेले. रस्त्याकडेच्या बाभळींना कापूस अडकला होता. फोटो काढण्यासारखा देखावा, पण मी काढला नाही.

कारण डावं चाक. वळण आलं की 'टण्ण', खड्डा आला की 'खट'. महिन्यापूर्वीच नेरच्या मेकॅनिकने त्या बाजूचा शॉकअप नवा टाकला होता.

"बाबा, किती वाजतंय हे!" मी ओरडून म्हटलं.

"कुठं काय वाजून राह्यलं? गाडी बराबर हाय."

आई ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसली होती. ती कायम तिथेच बसते.

दिग्रसला स्टँडजवळ समोसा-तर्री खाल्ली (तिखट सोसत असेल तरच जा) आणि गॅरेज शोधलं. तिथल्या सलीमभाईंनी जॅक लावून चाक उचललं, हलवलं, लोखंडी पहार लावून सगळे जोड तपासले. कुठेच ढिलेपणा नाही.

"काकाजी, मले तर काहीच दिसत नाही. लिंक बदलून पाहू का?"

"कायले बदलतं?" बाबा उठले. "चाक लटकवून काय समजते? वजन पडू दे त्याच्यावर."

गाडी खाली उतरवली. बाबा मातीत बसले, चाकाच्या वरून हात घालून स्प्रिंगला तळवा लावला आणि डोळे मिटले. "स्टिअरिंग फिरव. हळू." मी फिरवलं. "आता उलटं." स्प्रिंगने त्यांच्या हाताखाली झटका दिला, तो त्यांच्या खांद्याला बसलेल्या हिसक्यावरून मला कळला. "वरचं बेअरिंग जाम हाय. स्प्रिंग पीळ खाते आन् सुटते."

सलीमभाईंनी खोललं. शॉकअप नवाकोरा, पण त्याच्या डोक्यावरची प्लेट जुनीच परत बसवलेली, रबर फाटलेलं, बेअरिंग गंजलेलं. पुसदहून जीपने माल येईपर्यंत तीन तास बाकड्यावर काढले. माझी पाठ गेली. गाडी तयार झाल्यावर बाबांनी एक चक्कर मारली आणि खिडकीतून मला विचारलं, "गेला का आवाज?" मी मान हलवली.

पुढे गाडी त्यांनीच घेतली, नाही म्हणायचा धीर मला झाला नाही. पुसदच्या अलीकडे मागून ट्रकने हॉर्न दिला. मी ओरडणार, तोच मागून आईचा हात आला आणि बाबांच्या उजव्या खांद्यावर एकदा टेकला. बाबांनी शांतपणे गाडी डावीकडे घेतली. थोड्या वेळाने मोटरसायकल आली, पुन्हा तेच.

"आई, हे काय?"

"रेच्यापाशी हाक कोणाले ऐकू येते व? तिथं हात लावूनच सांगतेत. यायनं मलेबी शिकवलं. सात वर्ष झाले."

मला दोघांचाही भयंकर राग आला. मग बराच वेळ खिडकीबाहेर बघत डोळे पुसले.

मावशीकडे दोन दिवस पाहुणचार झाला. निघायच्या दिवशी चावी बाबांच्याच खिशात होती आणि मागायची कशी, हे मला सुचत नव्हतं. उमरखेड मागे पडलं. एके ठिकाणी बाबांनी आरशात पाहिलं आणि गाडी कडुनिंबाखाली उभी केली.

"काय झालं?"

"तुही माय झोपली."

"उठवू?"

"काहून उठवतं? सात वर्षांत गाडीत कधी डोळा लागला नाही तिचा." ते उतरले, वळसा घालून माझ्या दारापाशी आले आणि चावी माझ्या हातात ठेवली. "चालव तूच. अन् मंग गाडी नागपूरलेच घेऊन जाय."

पुसद, दिग्रस, दारव्हा, नेर. बाबा शेजारी हात मांडीवर ठेवून बसले होते. आईला जाग आली ती घर आल्यावरच.

नागपूरला परतून आठवडा झाला, अंग अजून दुखतंय. गाडीचा आवाज मात्र पार गेला. काल दादाचा फोन आला, म्हणाला, "एवढे हट्टी बाबा, चावी द्यायला तयार कसे झाले?"

मी म्हटलं, "आईला झोप लागली होती."