मांडीवरचा ठोकळा

मला कायम वाटायचं, हा माणूस त्या ट्रकखालीच जाणार.

काल दुपारी जेवून आडवे झाले आणि झोपेतच गेले. आमचे हे.

एवढी वर्षं जी भीती सांभाळली, तिचं आता काय करू?

ज्यांनी आमची लॉरी बघितलेली नाही त्यांच्यासाठी सांगते.

सासऱ्यांनी घेतलेली, महायुद्धाच्या काळातली. पुढं लांब नाक, लाकडी केबिन. निपाणीहून तंबाखू भरून बेळगावला आणायची. स्टीअरिंगवर हे, आणि क्लीनरच्या सीटवर यांचे थोरले भाऊ, अण्णा.

तेव्हा घाटात गाडी मागं घसरायला लागली की क्लीनरनं उडी टाकायची आणि चाकामागं लाकडाचा ठोकळा लावायचा. सगळेच तसं करायचे.

एकदा तवंदी घाटात ब्रेक लागेना. अण्णा ठोकळा घेऊन उतरले.

चाक ठोकळ्यावरनं गेलं. अण्णांच्यावरनंपण.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची ही गोष्ट. सासूबाईंनी यांना शपथ घातली, "परत त्या गाडीला हात लावशील तर माझं मेल्यालं तोंड बघशील."

लॉरी वडगावच्या घरामागं शेडमध्ये गेली. हे पॉवरलूमवर. मग आमचं लग्न, माझी शाळेतली नोकरी, मुलगी. गाडीचं नावसुद्धा घरात कुणी काढायचं नाही.

ऐंशी साल उलटल्यावर सासूबाई वारल्या. दिवसकार्य आटोपलं आणि यांनी शेडचं गंजलेलं कुलूप तोडलं.

मी धावतच शेडपाशी गेले.

"अवो, कशाला परत ती ब्याद?"

"आईची शपथ आईसंगट गेली. अण्णाची गाडी अशी सडू दिऊ व्हय?"

मागावरनं आले की शेडमध्ये. इंजिन उतरवलं. ब्रेक तर परत परत खोलले. जुना रंग खरवडून तसलाच हिरवा दिला. मी भांडले, रडले, अबोला धरला. हे ढिम्म!

शेवटी एक दिवस म्हणाले, "तवंदी चढल्याबिगर गाडी दुरुस्त झाली म्हणणार न्हाय मी."

त्या गाडीत क्लीनर म्हणून बसायला कोण तयार होणार? सगळ्यांना अण्णांचं माहीत.

मग मीच बसले. यांना एकट्याला पाठवून घरी वाट बघत बसायचं, ते मला झेपलं नसतं. मुलीला शहापूरला आईकडं ठेवलं. यांनी माझ्या मांडीवर ठोकळा ठेवला. निपाणीपर्यंत सगळे देव आठवून झाले.

परतताना घाटात निम्म्यावर इंजिन बंद पडलं.

गाडी मागं सरकली.

मी ठोकळा उचलला आणि दार ढकललं. उघडेना! खांद्यानं धडका दिल्या, किंचाळले. आता माझी पाळी, एवढंच डोक्यात.

आणि गाडी थांबली. ब्रेक लागला होता.

यांचा पाय पेडलवर तसाच दाबलेला. सदरा घामानं चिंब.

"दार का उघडंना?" मी विचारलं.

"भायेरनं तारेनं बांधलंय, निपाणीतनं निघतानाच."

"का?"

"ब्रेकवर भरवसा हाय माझा. तुझ्यावर न्हाय. तू उडी टाकली असतीस."

"मग हा ठोकळा कशाला दिलासा मांडीवर?"

"ठोकळ्याबिगर नुसतं बस म्हटलं असतं, तर बसली असतीस व्हय?"

मला एवढा राग आला की बेळगाव येईपर्यंत मी तोंड फिरवून बसले. रडत मात्र होते. हेही.

पुढं लॉरी बरीच वर्षं चालली. हे घाटात गेले की परत येईपर्यंत माझा जीव टांगणीला. ठोकळा मात्र मी त्याच दिवशी घरात आणला, तो कायम स्वयंपाकघराच्या दाराला टेकण म्हणून.

आज सकाळी यांना न्यायला शववाहिका आली. आमची गल्ली उताराची, तुम्हाला माहीतच आहे.

मी आतून ठोकळा आणला आणि त्या गाडीच्या चाकापुढं ठेवला.

लेक हळूच म्हणाली, "आई, ब्रेक लावलाय गं त्यांनी."

माहीत आहे मला. थोडा वेळ तरी थांबूदे, म्हटलं.

मग मीच वाकून तो काढला.

जावा आता सावकाश. अण्णा भेटले की सांगा, ब्रेक चांगले झालेत.