भिंतीबाहेरची व्हायोलिनं

राळेगावात बंद पडलेल्या टॉकीजच्या भिंतीशी एक म्हातारा पंक्चर काढायचा. टॉकीज चालू असताना तो आत कधीच गेला नाही. बाहेर संवाद कळत नसत, पण पार्श्वसंगीत भिंतीतून झिरपायचं. आवडतं गाणं कोणतं, असं मी त्याला एकदा विचारलं.

“गाणे सारेच आयकते,” ट्यूब पाण्यात दाबत तो म्हणाला. “मांगचे व्हायोलिन कोनी आयकत नाही. दहा-बारा व्हायोलिन संगं बारीक होत गेले का मले समजे, आता कोनी मरते. पिक्चर सुटल्यावर लोकाईले इचारो. कवाच चुकलो नाही.”

मग तो बुडबुड्यांकडे बघत राहिला.

“बायको गेली त्या दिवशी तिचा फोन आलता. छातीत दुखून राह्यलं म्हने. मी म्हनलो, एवढं चाक करून येतो.”

त्याने ट्यूब पुसली आणि कानाशी नेली.

“काहीच वाजलं नाही ना, भाऊ.”