कुलूप काढलेलं दार

त्या दिवशी ताई कामावरून आली, दार ढकललं तर उघडेना. कुलूप नव्हतं, कडीही नव्हती. जोर लावून आत डोकावली, तर भाऊ दाराला टेकून बसलेला. पायात चपला, मांडीवर हातोडीची पिशवी. ताई म्हणाली, वाट अडवून काय बसलास, ऊठ की. मग हात लावला, तर अंग गार.

भाऊ सोफे शिवायचा. खिळे तोंडात धरायचा म्हणून सगळे त्याला खिळ्याच म्हणायचे. नशेच्या गोळ्यांच्या नादात तुरुंगात गेला, अटीवर सुटला आणि परत त्याच गोळ्या. नियमाने पुन्हा आतच जायला हवा होता. पण ज्या साहेबांकडे त्याची हजेरी असायची ते म्हणाले, उपचार केंद्रात रोज जाऊ दे, लघवी तपासू, चुकला तरच आत.

ताईला काही उमजेना. तुरुंग कळत होता. इथे म्हणे गोल खुर्च्या मांडून नुसतं बोलायचं.

"बोलून सुटते का रे नशा?"

"तुझ्याशी बोललं की उलट लागते बघ," खिळ्या म्हणायचा.

आधी ती बाहेरून कुलूप घालायची. केंद्रातल्या बाईंनी समजावलं, कुलूप नको, त्याचा त्याला जाऊ-येऊ दे. मग काढलं. पण त्याला तुरुंगातली सवय लागलेली. दार पुढे आलं की थांबायचा, कोणीतरी उघडेपर्यंत. हात मोडलेत का तुझे, ताई विचारायची. तो हसायचा आणि थांबायचाच.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, रक्तात गोळी-बिळी काही नाही. मग चपला घालून चालला कुठे होता? केंद्रात, का गोळ्या आणायला? का दुखायला लागलं म्हणून हाक मारायला आला आणि दारापाशी थांबला? ताईचं डोकंच चालेना.

साहेब भेटायला आले. म्हणाले, त्याने सगळं पाळलं हो.

"आत टाकला असता तर दार उघडायला कोणी तरी आलं असतं," ताई म्हणाली. आणि लगेच म्हणाली, नाही, तसं नाही, मला काही कळत नाही बघा.

हातोडी केंद्राची होती. तिथल्या एका खुर्चीची गादी तो नवी करत होता, अर्धी राहिली. ताई हातोडी द्यायला गेली. दार नुसतं लोटलेलं, आतून बोलण्याचा आवाज येत होता.

"या, उघडंच आहे," बाई आतून म्हणाल्या.

ताई हातोडी धरून तशीच उभी राहिली.