डोकी बाहेर, पाय आत

वहिनी गेल्याचा फोन तात्यांनीच केला. मी नगरला कंपनीत कामावर होतो. “शालन गेली रं...” एवढंच म्हणाले. खरं सांगायचं तर त्या क्षणीसुद्धा मला आधी आठवलं ते तात्यांचं अंगणात आडवं पडणं... आणि रडता रडता हसू फुटलं.

शालनवहिनी, माझ्या थोरल्या भावाची बायको, कोपरगावला ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची. तिचा सगळा जीव पेशीपटलावर. पेशीभोवतीचा तो पातळ पडदा कुणाला आत घेतो, कुणाला अडवतो, हे सांगताना तिच्या तव्यावरच्या कितीतरी भाकरी करपल्या. मी न विचारता स्वयंपाकघरात घुसलो की म्हणायची, “भाऊजी म्हणजे ऑक्सिजन. दार लागत नाही, फटीतून आत!”

गेल्या वर्षी ती आजारी पडली. विश्रांती घ्या, गर्दी टाळा, असं डॉक्टरांनी सांगितलं. झालं! आमचे वडील, तात्या, ऐंशी ओलांडलेले. त्यांनी फाटकाशी खुर्ची टाकली आणि चिटपाखरू फिरकू देईनात. औषधं वेळेवर होती, जेवण पथ्याचं होतं, पण वहिनी सुकत चालली. तिचं मागणं एकच होतं. अकरावीच्या नव्या पोरांना पेशीपटल एकदा शिकवायचं.

“धड्यापायी जीव घालवायचा हाय का?” तात्या म्हणाले.

“न शिकवता तरी तो कुठे राहणार आहे, तात्या?”

तात्यांनीच मग पोरांना निरोप धाडला. रविवारी मी घरी गेलो, तर अंगण पोरांनी भरलेलं. पोरांच्या तोंडाला मास्क, वहिनी ओट्यावर शाल पांघरून. तिने अंगणाच्या दोन्ही कडांना पाणी शिंपडायला लावलं आणि पोरांना दोन रांगांत आडवं केलं. डोकी बाहेर, पाण्याकडे. पाय आत, एकमेकांकडे. “डोक्याला पाणी आवडतं, पायांना नाही. म्हणून हा थर दुहेरी. आणि भिंतीसारखे पडू नका रे, सरका! पटल वाहतं असतं.” मध्ये दोन दांडगी पोरं दारं म्हणून उभी केली. ती प्रथिनं. एका मुलीला साखर केलं. तिला दारातूनच जावं लागे.

तात्या फाटकाजवळून बघत होते. “कारखान्यात ऊस न्यायला पावती लागती, तसं व्हय?”

“अगदी तसंच, तात्या!”

एका रांगेत एक जण कमी पडत होता. तात्या उठले, धोतर सावरलं, टोपी घट्ट केली आणि पोरांच्या ओळीत उताणे झाले. पोरं सरकली की तेही सरकत. वहिनी इतकी हसली की खोकला लागला. मी पाणी घेऊन धावलो, तर हातानेच थांब म्हणाली. तिला ते हसू सोडायचं नव्हतं.

पडल्या पडल्याच तात्यांनी विचारलं, “अन् समद्यांनाच अडिवलं तर?”

“मग पेशी उपाशी मरते, तात्या.”

 पोरांनी तात्यांना हात देऊन उठवलं, पाठीची धूळ झटकली.

दुसऱ्या दिवसापासून खुर्ची तिथेच, पण कारभार बदलला. आलेल्याला तात्या विचारत, “काय सांगाया आलाय?” कुणाच्या कुठल्या आजाराची कथा असली, की त्याला फाटकावरच चहा पाजून वाटेला लावत. शिंकणाऱ्याला तर चहाही नाही. गमतीची गोष्ट असली तर, “जा आत, पर लई येळ बसू नका.” शेवटच्या त्या आठवड्यांत आमच्या घरातून जेवढं हसू ऐकू आलं, तेवढं लग्नातही आलं नसेल. वहिनी बरी झाली नाही. पण ती आनंदात होती, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो.

दिवसकार्य उरकल्यावर परवा पुन्हा घरी गेलो. तात्या फाटकाशी बसलेले. त्यांना पाहून माझा चेहरा पडला, डोळे भरले. त्यांनी पाय आडवा घातला.

“रडाया आलास का तिचं काही सांगाया?”

 मी म्हणालो, “तात्या, ती मला ऑक्सिजन म्हणायची.”

“ते का?”

मी सांगितलं. म्हातारा खुदकन हसला, उपरण्याने डोळे पुसले आणि पाय बाजूला घेतला.

“ये मंग आत.”