श्रावणात लाकडावर घेतलेली चाचणी

माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याबद्दल, आमच्या दाजींबद्दल, कळंबात अजून एक गोष्ट सांगतात. मानेचं ऑपरेशन छान झालं होतं, पण अंघोळीला मानेच्या आधाराचा गळपट्टा काढला आणि स्वतःच्या हातानं वाटोळं करून घेतलं. ती गोष्ट खरी नाही. दाजींच्या मानेतली प्लेट आमच्या वर्कशॉपमधली होती आणि ती तपासायचं काम माझं होतं.

ऐंशीच्या पुढची ती वर्षं. कुंभिवलीला हायवेच्या कडेला आम्ही मुंबईच्या एका डॉक्टरांसाठी मोडलेली मान सांधायच्या स्टीलच्या प्लेटा आणि स्क्रू करत होतो. बोकडाचे दोन ताजे मणके सिमेंटमध्ये पक्के करायचे, मध्ये फट ठेवून त्यांवर प्लेट कसायची आणि चक्कीच्या जुन्या मोटरनं वरचा मणका मागंपुढं हलवत राहायचा, माणूस मान डोलावतो तसा. स्क्रू ढिला झाला की प्लेट नापास.

बारीक स्क्रूची नवी प्लेट तयार झाली ती नेमकी श्रावणात. हाडं उंबऱ्याच्या आत आणायला कामगार तयार नव्हते. मालकांचेही सोमवार होते. डॉक्टरांना तर घाई. मी सागवानाचे दोन ठोकळे घेतले आणि त्यांवर प्लेट कसली. सागवान स्क्रूला दातांनी धरल्यासारखं धरतं. प्लेट टिकली. डॉक्टरांना तेवढंच कळवलं, कशावर टिकली ते नाही. श्रावण सरला की हाडावर घेऊ, असं मनाशी म्हटलं. मग गणपती आले, भातकापणी आली, आणि प्लेटा तशाच मुंबईला गेल्या.

माघात दाजी राबासाठी, म्हणजे रोपांची जमीन भाजायला, ऐनाच्या फांद्या तोडताना झाडावरून पडले. मीच त्यांना त्या डॉक्टरांकडे नेलं. आमच्याच हातची प्लेट बसणार, असं बहिणीला फुशारकीनं सांगितलंही. ऑपरेशन झालं, बोटं हलायला लागली. कोणती प्लेट बसवली, ते मी डॉक्टरांना नंतर विचारलं. नवी, बारीक स्क्रूची, असं ते म्हणाले.

दुसऱ्याच दिवशी खोपोलीच्या खाटकाकडून मणके आणून मोटर चालू केली. दुपारपर्यंत खालचा स्क्रू इतका वर आला, की नखानं उचलता यावा.

तेव्हाच मुंबईची गाडी धरून डॉक्टरांना सांगायला हवं होतं. मी गेलो, पण दाजींच्या उशाशी नुसता बसलो. ते कुशीवर वळले की मी उठून उभा राहायचो. बहीण विचारायची, तुला बरं नाही का? थोड्याच दिवसांत पेज गिळताना त्यांना घशात टोचायला लागलं. प्लेट मानेला पुढून, घशाच्या मागंच बसवलेली, आणि तिचा स्क्रू बाहेर सरकला होता. मानेला हिसका बसला का, असं डॉक्टरांनी विचारलं. घाबरलेल्या बहिणीनं सांगून टाकलं, की अंघोळीच्या वेळी ह्यांनी घटकाभर गळपट्टा काढला होता. डॉक्टरांनी, मग तेच कारण, अशी मान डोलावली. मी पलंगाच्या पायथ्याशी उभा होतो. नोकरी जाईल ही भीती होती, पण त्याहून जास्त, सुटलो असं वाटलं. ते आज लिहिताना जड जातं.

प्लेट काढली. पुढं कितीतरी दिवस डोक्याला वजन टांगून दाजी पडून राहिले. जीव वाचला, पण उजव्या हाताची मूठ पुन्हा वळली नाही.

मग कापणी आली की बहिणीचं ठरलेलं असायचं, "गळपट्टा सोडला नसता तर आज हातात इळा आसता."

दाजी हसायचे. "चुकलं गं बाई माझं." त्यांचा स्वतःचाही त्यावर विश्वास बसला होता. तो तसाच घेऊन ते गेले.

गेल्या महिन्यात मी कळंबला गेलो. बहीण ओटीवर भिजवलेले वाल सोलत होती. मी सगळं सांगितलं. तिचे हात थांबले नाहीत.

"मी त्यांना बोलायची, तवा तू हितंच आसायचास ना रं? च्या पीत?"

मी हो म्हटलं.

हातातला वाल तिनं सोलून टाकला. मग वालांची परात माझ्याकडं सरकवत म्हणाली, "पोरं सांजच्याला येतील. सुना, नातवंडं, समद्यांसमोर तूच सांग. मी नाय सांगणार."

मी वाल सोलत बसलो. रस्त्यावर गाडी थांबल्याचा आवाज आला की माझे हात थांबायचे.