जराशी टेक

माझे बाबा घरी आलेल्या कोणालाही ‘बसा’ म्हणायचे नाहीत. ‘टेका जराशे’ म्हणायचे. बसणाऱ्याला उठायची घाई नसते, टेकणारा मात्र जाणारच असतो, असं काहीसं त्यांच्या मनात असावं. मी विमान चालवते. चाकं धावपट्टीला लागली की आम्ही ‘टेकलं’ म्हणतो, हे मीच कधीतरी त्यांना सांगून बसले होते. तेव्हापासून सुट्टीत गावी, आसगावला गेले, की हातातली पिशवी खाली ठेवायच्या आत चिडवणं सुरू.

“साऱ्या दुनियेत टेकते, माय. आमच्याच गावात तुयं विमान कायले नाई टेकत?”

“बाबा, त्याले धावपट्टी लागते.”

“केवढी?”

“आपल्या साऱ्या बांध्या मोडल्या तरी पुरणार नाई.”

बांधी म्हणजे आमच्याकडचा बांध घालून अडवलेला धानाचा तुकडा. त्या मोडायच्या हे ऐकूनच बाबांचा चेहरा उतरला. मग तलावाकडे पाहत म्हणाले, “मंग ते सारस झालं. सारस बी धावल्याबिगर उठत नाई. टिटवीवानी जागच्या जागी उठणारं काई नसते का?”

“असते. हेलिकॉप्टर.”

“मंग ते शिक ना.”

जणू ट्रॅक्टर येतो, तर स्कूटर यायला काय लागतं! तेव्हा माझी चाळिशी उलटली होती. सोबतच्या लोकांना मी सांगितलं, की नवं काम मिळेल, तोचतोपणा जाईल. खरं कारण एवढंच होतं, की बाबांनी आपल्या बांधावर उभं राहून मला उतरताना पाहावं. एकदा तरी.

विमानाचा परवाना असला तरी हेलिकॉप्टरचा वेगळा काढावा लागतो. वारा तोच, नकाशे तेच, हातपाय मात्र नव्याने शिकवायचे. वेग गेला की विमान पडतं, हे इतकी वर्षं माझ्या हाडांत मुरलेलं. आणि इथे पहिला धडा काय, तर हवेत एका जागी थांबणं. जित्याची खोड. जरा कुठे डगमगलं की माझा हात दांडी पुढे ढकलायचा, आणि शेजारी बसलेला माझ्याहून लहान शिक्षक तेवढ्याच शांतपणे ती मागे घ्यायचा. “मॅडम, प्लेन भूल जाइए.” त्याने माझ्यापुढे केव्हाच हात टेकले असते, पण बिचाऱ्याचे हात मोकळे असतील तेव्हा ना.

रोज संध्याकाळी बाबांचा फोन यायचा. “टेकलं का?”

“टेकलं, पण वाकडं.”

“होते. उद्या सरळ टेकंल.”

पुढे एकाच फोनमध्ये ते तेच पुन्हा विचारू लागले. मग एकदा ते सकाळी पाणी पाहायला गेले आणि दुसऱ्याच्याच बांधीत उभे सापडले, आपलं वावर कुठलं ते आठवेना म्हणून. वय झालं, असं आई आणि मी एकमेकींना सांगत राहिलो. दोघींनाही ते पटत नव्हतं.

परवाना हातात आला त्या दिवशी फोन मीच केला. “बाबा, झालं. आता टेकते मनजे टेकते.”

“कोण बोलून राह्यले जी?”

“मी, बाबा.”

“हो, हो. बरं आहे ना सारं?” एवढं बोलून त्यांनी फोन आईकडे दिला. बाबा माझ्याशी असे अदबीने कधीच बोलले नव्हते. मी रडले, बराच वेळ रडले, आणि लाज वाटली नाही.

पुढे प्रचाराच्या दिवसांत एका पुढाऱ्याला घेऊन जायचं काम आलं. सभा आमच्याच गावात होती. धान कापून झालेलं, वरून बांध्या आणि पेंढ्या रचून केलेले धानाचे पुंजणे दिसत होते. शाळेच्या मैदानावर चुन्याचं वर्तुळ काढलेलं. मी त्यावर येऊन हवेत थांबले आणि इतकं हळू टेकवलं, की मागच्या पुढाऱ्याला उतरायला सांगावं लागलं. सोबतचा पायलट यंत्रापाशी थांबला. मी शाळेच्या ओट्याकडे निघाले. आईने बाबांना तिथे आणून बसवलं होतं.

बाबांचा चेहरा खुलला होता. हेलिकॉप्टर उतरताना त्यांनी सगळं पाहिलं होतं. मी जवळ गेले तशी माझा गणवेश पाहून ते उठले आणि त्यांनी हात जोडले.

“अजी, आपली पोट्टी होय ना ते,” आई म्हणाली.

बाबांनी तिच्या अडाणीपणाला मान हलवली. “नाई व. आपली पोट्टी विमान चालवते. तिचं इथं नाई टेकत.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “लय साजरं टेकवलं जी तुमी.”

खांद्यावरचा दुपट्टा काढून त्यांनी आपल्या शेजारची जागा पुसली.

“टेका जराशे.”

मी टेकले. मैदानापलीकडे भाषण सुरू झालं होतं. बाबांचं तिकडे लक्ष नव्हतं, ते हेलिकॉप्टरकडेच पाहत होते.

“आमची पोट्टी आली का तिले सांगतो,” ते म्हणाले, “हे शिक मनून.”

“सांगजा,” मी म्हणाले.