फक्कीच्या रेघा
शेजारच्या अंगणात आज गवंडी घराच्या आखणीसाठी पांढरी फक्की टाकत होता. तिचा वास आला आणि मला आमचं अंगण आठवलं. तेव्हा मी नवी सून होते. भात झोडून झालं होतं आणि मुरबाडहून आलेला गवंडी जुन्या घराला लागून दोन मजल्यांची आखणी करत होता. खाली सासू-सासऱ्यांची खोली आणि भात साठवायच्या कणग्या, वर आमची खोली आणि स्वयंपाकघर, असं सासऱ्यांनी ठरवलं होतं. मी चहा घेऊन गेले, पण भिंतीची रेघ ओलांडायला पाय उचलेना, म्हणून फिरून दाराच्या जागेतून आत शिरले. गवंडी हसला, "वहिनी, भिंत अजून उभी नाय झाली!" सासूबाईही माझ्यामागून दारातूनच आल्या आणि जिन्याच्या रेघांपाशी थांबल्या. "माझे गुडघे काय हा जिना चढायचे नाय. माझं ताट खाली धाडत जा गो," त्या हसून म्हणाल्या. ज्या बाईनं मला चूल शिकवली, ती आता खाली बसून ताटाची वाट बघणार होती. सासरे गवंड्याजवळच उभे होते; त्यांच्यासमोर मी तोवर कधी तोंड उघडलं नव्हतं. पदर पुढे ओढून मी म्हटलं, "चूल खालीच राहू द्या." मग सासऱ्यांनी पायानं कणग्यांच्या खोलीची रेघ पुसली आणि गवंड्याला म्हणाले, "कणग्या वर ने रे. त्यांचे गुडघे नाय दुखत." आता सासूबाई नाहीत. खालच्या खोलीत मी असते, माझेही गुडघे दुखतात, आणि रोज सकाळी सून जिना उतरून माझ्या शेजारच्या चुलीवर चहा ठेवते.